जुनी सफारी, माळव्याची काळी माती आणि परवडणारे एटी टायर

खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि त्यानंतर तपासणी होऊन ती पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. आमची टाटा सफारी डायकोर, २.२ लिटर इंजिनाची आणि फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देता येणारी, २०१० सालची आहे. म्हणजे सध्या ती पहिल्या वाढीव पाच वर्षांत धावते आहे. नव्या टायरांचा हिशेब मी याच मुदतीवरून मांडला. गाडी उभी असली तरी रबर ऊन आणि हवा खाऊन कडक होतच असते. बहुतेक टायर कंपन्या पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्यायला सांगतात आणि कितीही नक्षी शिल्लक असली तरी दहा वर्षांपलीकडे तो वापरू नये असे बजावतात. आमची गाडी वर्षाकाठी आठ-दहा हजार किलोमीटरच्या वर जात नाही. तेव्हा ऐंशी हजार किलोमीटर टिकणारा महागडा टायर घेणे म्हणजे ही गाडी कधीच कापणार नाही अशा अंतराचे पैसे आज मोजणे होय. टायर मूळ मापाचा, ताज्या तारखेचा आणि मध्यम किमतीचा घ्यावा आणि वाचलेले पैसे गाडीच्या सस्पेन्शनवर खर्च करावेत, या निष्कर्षाला मी आलो. त्याप्रमाणे अपोलोचे अॅप्टेरा एटी-२ हे ऑल टेरेन, म्हणजे पक्क्या-कच्च्या दोन्ही रस्त्यांचे टायर २३५/७० आर १६ या मापात (रुंदी मिलिमीटरमध्ये, बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत आणि रिमचा व्यास इंचांत) इंदुरातल्या देवास नाक्याजवळच्या एका दुकानातून घेतले. पुढे लिहिले आहे ते त्या निवडीमागचे कारण आणि त्या टायरांचा व दुकानाचा अनुभव.

आधी रस्त्यांचा विचार करू, कारण इंदुरात राहणाऱ्या मराठी कुटुंबाची गाडी सर्वाधिक कुठे धावते याचे उत्तर बहुधा एकच असते. मानपूर, खलघाट, सेंधवा, बिजासन घाट, शिरपूर, धुळे आणि पुढे नाशिक किंवा पुणे. पुण्यापर्यंतचे अंतर सुमारे सहाशे किलोमीटर आहे आणि ते सगळे डांबरावर किंवा काँक्रीटवर, ट्रकांच्या रांगांमधून, मे महिन्यात तापलेल्या रस्त्यावरून कापायचे असते. याखालोखाल देपालपूरच्या बाजूला असलेल्या शेतापर्यंतचा रस्ता येतो, ज्याचा शेवटचा तुकडा पांदणीचा आहे. चोरल, काजलीगढ, तिंछा या बाजूंची पावसाळी भटकंती तिसऱ्या क्रमांकावर आहे. ऑफ-रोड टायर घेणारा माणूस मनात हा तिसरा क्रमांक धरून दुकानात शिरतो आणि नंतर पहिल्या क्रमांकावर वर्षभर घूंऽऽ असा आवाज ऐकत बसतो.

टायरांचे तीन प्रकार सर्वांना ठाऊक असले तरी थोडक्यात सांगतो. एचटी म्हणजे हायवे टेरेन, बारीक खाचांचा आणि शांत. एमटी म्हणजे मड टेरेन, मोठाले सुटे ठोकळे आणि त्यांच्यामध्ये रुंद मोकळी जागा असलेला. एटी म्हणजे ऑल टेरेन, या दोहोंच्या मधला. कागदावर हे सोपे आहे, पण माळव्यात काळी माती आहे आणि ती या वर्गीकरणाला फारसे जुमानत नाही.

दख्खनच्या बेसॉल्ट खडकापासून झालेली ही जमीन पाणी पिऊन फुगणाऱ्या चिकणमातीने भरलेली असते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि दोन चांगल्या सरी झाल्या की ती चाकाला थापू लागते. पहिल्या काही वेढ्यांतच टायरच्या खाचा भरून सपाट होतात, मग नक्षी कोणत्या कंपनीची होती याला काही अर्थ उरत नाही, कारण त्यावेळी तुम्ही अक्षरशः गोटा टायरवर असता. एमटी टायरच्या ठोकळ्यांमधील जागा रुंद असल्यामुळे चाक वेगाने फिरवले की चिखल बाहेर फेकला जातो आणि कडा पुन्हा मोकळ्या होतात. एटी टायर हे काम अर्धवट करतो आणि एचटी मुळीच करत नाही. मात्र चिखल फेकण्याइतका वेग चाकाला द्यायचा तर गाडीत ताकद आणि समोर मोकळी जागा दोन्ही हवीत. पांदणीत दोन्ही बाजूंना बांध आणि बाभळी असताना ते जमत नाही. शिवाय ही माती चाकांवर थांबत नाही, ती मडगार्डच्या आत साचून स्टिअरिंग वळवणेसुद्धा अवघड करते.

म्हणून काळ्या मातीबाबत माझे मत स्पष्ट आहे: वाफसा येईपर्यंत कोणत्याही टायरवर शेतात जाऊ नये. चिखल वरवरचा असून खाली मुरमाचा टणक थर असेल तर मूळ मापाचा अरुंद टायर तो चिखल कापून खालचा थर पकडतो आणि रुंद टायर वरच तरंगत घसरतो. खाली थर नसेल तर उलट, हवा कमी करून टायरचा तळ पसरवण्याचा उपयोग होतो, आणि तेव्हाही ट्रॅक्टर हाकेच्या अंतरावर असलेला बरा. ज्याला शेतात भर जुलैत रोज जाणे भागच आहे त्याने एमटी टायरचा विचार जरूर करावा. बाकीच्यांनी वर्षातले पंधरा-वीस दिवस सोसण्यासाठी उरलेल्या साडेअकरा महिन्यांचा आवाज, डिझेल आणि ओल्या डांबरावरचा ब्रेक गमावू नये. ओल्या गुळगुळीत डांबरावर एमटी टायरचे थोडेच ठोकळे रस्त्याला टेकलेले असतात, ही गोष्ट बिजासन घाटात पाऊस पडत असताना फार महत्त्वाची ठरते.

मग एटी तरी कशासाठी, हा प्रश्न राहतो. याचे उत्तर मुरूम, गिट्टी आणि खडक यांत आहे. चोरलच्या बाजूचे कच्चे रस्ते किंवा काजलीगढकडची वाट येथे बेसॉल्टचे तुकडे पात्यासारखे धारदार असतात. एचटी टायरची बाजू, जिला आपण सारेच साइडवॉल म्हणतो, पातळ असते आणि तिला पडलेला चीर पंक्चरवाला दुरुस्त करू शकत नाही. पॅच लावायचा तो फक्त नक्षीच्या भागाला. एटी टायरची नक्षी खांद्यावरून थोडी खाली साइडवॉलवर उतरलेली असते, त्यामुळे दगड आधी जाड रबराला घासतो. रबराचे मिश्रणही टवके सहजी उडू नयेत असे केलेले असते. ओढ्याचा उतार, ओले गवत, सुटी खडी यांवर सुरुवातीची पकड एचटीपेक्षा निःसंशय चांगली मिळते. फोर-व्हील-ड्राइव्ह नसलेल्या बोलेरो-स्कॉर्पिओलासुद्धा एवढा फायदा मिळतोच.

मापाबद्दल थोडे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण जुन्या गाड्यांची सर्वांत जास्त हौस येथेच फिटते. सफारी डायकोर आणि जुनी थार या दोघींचे मूळ माप २३५/७० आर १६ आहे. त्याचा व्यास सुमारे ७३५ मिलिमीटर भरतो. अनेकजण २४५/७५ आर १६ बसवतात, ज्याचा व्यास ७७४ मिलिमीटरच्या आसपास जातो. म्हणजे चाक पाच टक्क्यांहून थोडे मोठे झाले. जमिनीपासूनची उंची मात्र व्यासातील फरकाच्या निम्मीच वाढते, जेमतेम दोन सेंटिमीटर. त्याबदल्यात स्पीडोमीटर शंभर दाखवतो तेव्हा गाडी प्रत्यक्षात एकशे पाचने धावत असते, सगळे गिअर तेवढेच लांबतात, क्लचवर भार येतो आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या प्लास्टिकला घासण्याची शक्यता निर्माण होते. पंधरा वर्षांच्या क्लचला आणि व्हील बेअरिंगला हा भार कशासाठी द्यायचा? मोटार वाहन अधिनियमाचे ५२वे कलम मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदलांना मनाई करते, हेही लक्षात ठेवावे. मूळ मापाचा आणखी एक व्यवहारी फायदा असा की बहुतेक कंपन्या ते माप बनवतात आणि धुळ्यात किंवा सेंधव्यात टायर फाटला तरी जोडीदार मिळू शकतो.

टायरच्या बाजूवर मापानंतर येणारा आकडा भाराचा असतो आणि अक्षर वेगाचे. १०६ म्हणजे एका टायरला ९५० किलो, १०४ म्हणजे ९०० किलो; एस म्हणजे ताशी १८०, टी म्हणजे १९० आणि एच म्हणजे २१० किलोमीटर. सफारीसारख्या दोन टनांच्या आसपासच्या गाडीला, त्यात सात माणसे आणि दिवाळीचे सामान चढल्यावर, भाराचा आकडा वेगाच्या अक्षरापेक्षा कितीतरी अधिक महत्त्वाचा आहे. मूळ टायरवर जो आकडा आहे त्याखाली जाऊ नये.

आता पर्याय. बीएफगुडरिचचा केओ-२ हा टायर या वर्गातील सर्वांचा आवडता आहे आणि त्याची कीर्ती रास्त आहे. जाड साइडवॉल, खोल नक्षी, दीर्घ आयुष्य. पण मला सांगितलेली किंमत अपोलोच्या जवळजवळ दुप्पट होती, आणि वर सांगितलेल्या पाच वर्षांच्या हिशेबात ती बसत नाही. योकोहामाचा जिओलँडर एटी जी-०१५ मधल्या भावात येतो, मवाळ चालतो आणि महामार्गाचा वाटा फार असेल तर मी तोच सुचवेन. त्याच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि हिमकण असे बर्फाचे मानांकनही आहे, ज्याचा इंदुरात उपयोग काय ते ज्याचे त्याने ठरवावे. एमआरएफचा वाँडरर आणि सिएटचा झार एटी हेही विचारात घेण्याजोगे आहेत. जून २०२० पासून परदेशी टायरांच्या आयातीवर परवान्याचे बंधन आहे. त्यामुळे बाहेरून येणाऱ्या टायरांचा साठा आपल्याकडे तुटक असतो आणि पाच टायर एकाच तारखेचे मिळणे कठीण जाते. भारतात बनणाऱ्या टायरबाबत ही अडचण कमी येते, आणि माझ्या निवडीत या गोष्टीला बरेच वजन होते.

येथे एक समजूत दूर करायला हवी. पीथमपूरला ब्रिजस्टोनचा कारखाना असल्यामुळे तो टायर इंदुरात स्वस्त मिळतो असे आमच्या लोकमान्यनगरात कितीतरी जण ठामपणे सांगतात. कारखाना जवळ असल्याने किरकोळ भाव पडत नाही. विक्रेत्याची सूट त्याच्या महिन्याच्या विक्रीवर ठरते. म्हणूनच महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात भाव विचारण्यात अर्थ आहे.

करांबाबत मात्र खरोखरच फरक पडला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. आधी दहा हजारांना मिळणारा टायर, विक्रेत्याने पूर्ण फायदा पुढे दिला तर, सुमारे नऊ हजार दोनशेला मिळायला हवा. जुन्या छापील किमतीवरून ‘सूट’ देणाऱ्या दुकानात हा हिशेब तोंडपाठ असू द्यावा आणि पक्के बिल घ्यावे, कारण पुढे वॉरंटीसाठी बिलाशिवाय कोणीही उभे करत नाही.

सर्वांत आधी पाहायची गोष्ट तारीख. साइडवॉलवर डॉट या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी लांबट चौकटीत चार अंक असतात. ३५२५ असे असेल तर तो टायर २०२५ सालच्या ३५व्या आठवड्यात बनलेला आहे. ही चौकट बहुधा एकाच बाजूला असते. टायर चढवल्यावर ती आत गेली की गाडीखाली झोपून पाहावी लागते, त्यामुळे टायर रिमवर चढण्यापूर्वीच पाचही वाचून घ्यावेत. मला एका दुकानात दोन वर्षांपेक्षा जुन्या साठ्यावर आकर्षक सूट सांगण्यात आली होती. ज्याचे वर्षाला तीस हजार किलोमीटर होतात त्याने असा साठा खुशाल घ्यावा, त्याची नक्षी वयाआधीच संपेल. आमच्यासारख्या कमी चालणाऱ्या गाडीचा टायर झिजण्याऐवजी वयाने संपतो, त्यामुळे ती सूट आम्हाला महागात पडली असती.

देवास नाक्याजवळचे जे दुकान मी निवडले त्याचे नाव देत नाही, कारण दुकानदाराची तशी परवानगी मी घेतलेली नाही; पण तेथे काय पाहिले ते सांगतो. दुकानदाराने माप सांगताच भाव न सांगता आधी गाडी उचलून पुढची चाके हाताने हलवून पाहिली आणि खालचा बॉल जॉइंट, म्हणजे चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा सांधा, सैल आहे, तो बदलल्याशिवाय अलाइनमेंट करणार नाही असे सांगितले. हे काम त्याच्याकडे होत नव्हते, म्हणजे त्यात त्याचा काही लाभ नव्हता. जुन्या एसयूव्हीच्या मालकांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. सैल बॉल जॉइंट, फाटलेली बुशे आणि दमलेले शॉक अॅब्सॉर्बर यांवर नवे एटी टायर चढवले तर त्यांचे ठोकळे तिरपे झिजतात आणि मग जो आवाज येतो तो टायरच्या जातीवर ढकलला जातो. बॉल जॉइंट आणि बुशे बदलून मी परत गेलो तेव्हा टायर चढवणे, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट सकाळभरात उरकले. नट हवेच्या गनने घट्ट न करता शेवटचे आवळणे टॉर्क पान्याने झाले. शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासून घ्यायला सांगितले, तेही विनामूल्य झाले. जुन्या टायरांचे किरकोळ पैसे वळते केले. हवेऐवजी नायट्रोजन भरण्याचा आग्रह धरला नाही. ज्याला खडकावर हवा कमी करून परत भरायची आहे त्याला तो तसाही निरुपयोगी.

पाचही टायर, कामासकट, पन्नास हजारांच्या आत बसले. चारच्या जागी पाच घेण्याला कारण आहे. सफारी डायकोरची फोर-व्हील-ड्राइव्ह अशी आहे की ती लावल्यावर पुढची आणि मागची चाके एकाच गतीने फिरायला बांधली जातात. त्यात पंक्चर झाल्यावर झिजलेल्या किंवा वेगळ्या व्यासाची स्टेपनी लावली तर ताण गिअरपेटीवर आणि शाफ्टवर येतो. म्हणून स्टेपनी त्याच मापाची, त्याच नक्षीची आणि चाकांच्या फेरपालटीत सामील असलेली हवी. डायकोरची स्टेपनी मागच्या दारावर उन्हात टांगलेली असते, तेव्हा तिला एक झाकण घालणे रबराच्या दृष्टीने शहाणपणाचे आहे.

आता चालण्याबद्दल. महामार्गावर ताशी सत्तरपर्यंत आवाजात फरक जाणवत नाही. त्यापुढे एक मंद गुणगुण सुरू होते, जी कोणत्याही एटी टायरची असते, आणि डायकोरचे डिझेल इंजिन तसेही मौनव्रती नसल्याने ती बहुतांशी त्यातच मिसळून जाते. डिझेल किंचित जास्त लागते; जड टायर फिरवायचा तर ते लागणारच. ओल्या डांबरावर ब्रेक लावताना विश्वास वाटतो आणि पावसात मानपूरचा घाट उतरताना मला मूळ एचटी टायरची आठवण झाली नाही. मुरमावर आणि गिट्टीवर फरक सर्वांत ठळक आहे: जेथे आधी मागची चाके खडे उडवत जागीच फिरत, तेथे आता गाडी टू-व्हील-ड्राइव्हमध्येच चढून जाते आणि फोर-बाय-फोरची कळ क्वचितच फिरवावी लागते. खडकाळ भागात मी हवा बावीस पीएसआयपर्यंत खाली आणतो, वेग कमी ठेवतो आणि डांबरावर येताच बारा व्होल्टच्या छोट्या कंप्रेसरने ती दारावरच्या स्टिकरवर दिलेल्या आकड्यापर्यंत भरून घेतो. हा कंप्रेसर टायरांच्या खर्चातच धरावा. काळ्या मातीत टायर इतर एटी टायरांसारखाच वागतो, म्हणजे भरतो आणि घसरतो, आणि त्याबद्दल वर लिहिलेच आहे.

ज्यांच्या गाडीचे माप वेगळे आहे, उदाहरणार्थ बोलेरोचे २१५/७५ आर १५, त्यांनाही हाच क्रम उपयोगी पडेल, फक्त त्या मापात परदेशी पर्याय आणखी कमी मिळतील आणि देशी पर्यायांवरच निवड करावी लागेल. रिमोल्ड टायर, म्हणजे जुन्या सांगाड्यावर नवी नक्षी चढवलेले, एमटीच्या आकर्षक नक्षीत आणि निम्म्या भावात काही ठिकाणी दिसतात. शेतातल्या ट्रॉलीला ते चालतील. कुटुंब घेऊन बिजासन उतरणाऱ्या गाडीला ते लावू नयेत.

देवास नाक्याच्या त्या दुकानात रविवारी गर्दी असते आणि अलाइनमेंटचे यंत्र एकच आहे. मंगळवार-बुधवारी सकाळी दुकान उघडताच गेल्यास काम दुपारच्या आत होते, आणि गाडी उचललेली असताना ब्रेकचे पॅडही तपासून मिळतात.